डावीकडची बाग

यंदा शेवंती उशिरा आली. दिवाळी होऊन गेली तरी बेसा रोडवरचे कुंड्यांचे ठेले अर्धे रिकामेच होते. झेंडू होता, पण झेंडू काय, तो कुणासाठी थांबत नाही. मग परवा ऑफिसातून येताना शेवंतीच्या कुंड्या एकदम दिसल्या. पिवळ्या, पांढऱ्या, विटकरी, आणि एक तो जांभळट रंग, ज्याला नेमकं नाव मला अजून सापडलेलं नाही. गाडी कडेला लावली, फोन काढला, सात-आठ फोटो घेतले. घरी आल्यावर त्यांचा स्लाइड शो करायला बसले, तर फोनने नेहमीचा प्रश्न विचारला: आकार कोणता हवा? सोळास नऊ, चारास तीन, एकास एक, नऊस सोळा. एका ओळीत चार छोट्या चौकटी. लोक त्यातली एक दाबतात आणि पुढे जातात. मी थोडी थांबते. तीन हिवाळ्यांमागचा एक मोसम आमच्या घराने या चार चौकटींमध्येच काढला होता.

माझ्या सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मौद्याजवळच्या खेड्यातलं शेतकरी घर. धाकटे भाऊ अजूनही तिथे धान लावतात. मामाजी तरुणपणीच नागपूरला आले, एका सरकारी बागेत माळी म्हणून लागले आणि मुख्य माळी होऊन निवृत्त झाले. गुलाबाचा डोळा भरण्यात, म्हणजे कलम करण्यात, त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, असं त्यांच्यासोबतचे लोक अजून सांगतात. सासूबाई गेल्यावर ते फार बोलेनासे झाले, पण थंडी पडली की दर रविवारी कुठली ना कुठली बाग बघायला निघायचे. एकट्याने बसने जाऊ नये म्हणून मी सोबत जायला लागले. आधी कर्तव्य म्हणून, मग आवडीने.

मी सदरच्या एका विमा कार्यालयात कागद हलवणारी बाई. फुलाला फूल आणि पानाला पान म्हणणारी. मामाजी पुढे चालायचे, मी मागे. मध्येच थांबून ते म्हणायचे, "फुलाकडं काय पाहून राहिली वं, पान उलटून पाहा." पान उलटलं की खाली पांढरी कीड असायची, नाहीतर कोळ्याचं बारीकसं जाळं, नाहीतर काहीच नाही, नुसती थंडगार लव. त्या सकाळच्या उन्हाला एक वास असतो. ओल्या मातीचा, कापलेल्या हिरवळीचा आणि कुणीतरी लांब पेटवलेल्या पाचोळ्याचा. तो वास आला की माझं पाऊल अजूनही आपोआप संथ होतं.

त्या वर्षी कोजागिरी होऊन आठवडा झाला होता. मामाजी सकाळी दाढी करता करता खुर्चीवरून घसरले. मेंदूच्या उजव्या भागात रक्ताची गुठळी झाली होती. नऊ दिवस दवाखान्यात काढून घरी आले, तेव्हा डावा हात लुळा होता आणि डावा पाय ओढत चालावं लागत होतं. बोलणं मात्र शाबूत. "तेवढं तरी वाचलं," माझा नवरा सुनील म्हणाला. पण त्या शाबूत बोलण्याचा उपयोग मामाजींनी फारसा केला नाही. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. बाहेर थंडी उतरत होती, गुलाबाची छाटणी होऊन नवी फूट आली असणार, आणि हा माणूस भिंतीचा रंग बघत होता.

मग मी ठरवलं, मामाजी बागेत जाऊ शकत नाहीत तर बाग घरी आणू. पहिल्या रविवारी एकटीच त्यांच्या जुन्या बागेत गेले. साठेक फोटो काढले. लेक पुण्याला शिकते, तिने फोनवरून मला ते ॲप कसं वापरायचं ते शिकवलं. चार चौकटी दिसल्या तेव्हा मी एका क्षणात सोळास नऊ दाबलं. आपला टीव्ही तसाच आहे, काठोकाठ भरला पाहिजे. फोनचे फोटो मूळचे चारास तीन, त्यामुळे वरचं-खालचं थोडं कापलं गेलं. एका डेलियाचं डोकं उडालं, कारंज्याचा तळ गेला. चालेल म्हटलं. मागे बासरी लावली. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं, ते लपवण्यात अर्थ नाही.

दुपारी जेवणं झाल्यावर मामाजींना खुर्चीत बसवलं आणि सुरू केलं. त्यांनी तीन-चार फोटो शांतपणे पाहिले. मग म्हणाले, "अर्धीच बाग काहून दाखवून राहिली?"

मला वाटलं, कापलेल्या डेलियाबद्दल म्हणत असतील. पुढच्या आठवड्यात चारास तीन ठेवलं. काही कापलं गेलं नाही, पण टीव्हीच्या दोन्ही बाजूंना काळे पट्टे आले. मामाजी म्हणाले, "अजून अर्धीच हाये." तिसऱ्या आठवड्यात मी कुंपणाला पाठ टेकवून, होता होईल तेवढं मागे सरकून, फोन आडवा धरून सगळी बाग एका फोटोत घेतली. रुंदच्या रुंद. आता तरी तक्रार राहणार नाही. तो फोटो आला आणि मामाजी खुर्चीत पुढे सरकले.

"निंब कुठं हाये?"

"कुठला निंब, मामाजी?"

"फाटकाजवळचा. मी लावला होता. तोडला का?"

निंब फोटोत होता. डाव्या कडेला, चांगला डेरेदार, त्याखाली बाक, बाकावर कुणाची तरी पिशवीसुद्धा. मी टीव्हीजवळ जाऊन त्यावर बोट ठेवलं. "हा काय!" मामाजींनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या बोटाकडे नाही. त्यांचा चेहरा असा झाला होता, जसा मी सासूबाई गेल्या त्या दिवशी पाहिला होता.

"माह्या हातचं झाड तोडलं," ते म्हणाले, "अन् तुमी मले लपवून राहिले."

"अहो, समोर आहे मामाजी! दिसत कसं नाही तुम्हाला?" माझा आवाज चढला. तीन रविवारांची पायपीट होती त्यात, आणि दुखावलेला अभिमानही.

"मी आंधळा नाही झालो वं," ते म्हणाले. "बंद कर ते. मले आता बाग नको दाखवू."

सुनीलची तेव्हा मौद्याच्या वीज केंद्रात दुपारपाळी चालू होती. दुसऱ्या दिवशी तो निघायच्या तयारीत असताना मी त्याला सगळं सांगितलं. तो बुटाची नाडी बांधत होता, तसाच थांबला. "डॉक्टर म्हणालेच होते, डोक्यावर परिणाम राहू शकतो. तू काहून एवढं मनाला लावून घेऊन राहिली, मंजू? बाबा आता असेच राहतील." तो हे इतक्या हळू आवाजात म्हणाला की त्याला स्वतःलाच ते ऐकायचं नव्हतं हे मला कळलं. निघताना तो बापाच्या खोलीच्या दारात उभा राहिला. मामाजींची दाढी उजव्या गालावर गुळगुळीत होती आणि डाव्या गालावर पांढरे खुंट तसेच होते. हात लुळा म्हणून जमत नसेल, असं आम्हाला वाटायचं. दाढी तर ते उजव्या हाताने करत होते. हा विचार आमच्या दोघांच्याही मनात आला नाही.

त्या आठवड्यात मामाजींनी आणखी एक हट्ट धरला. "या घरात चटणी-लोणचं बंद झालं का?" रोज जेवताना हेच. मी रोज वाढत होते. ताटाची डावी बाजू मी कधीच रिकामी ठेवत नाही. चटणी, कोशिंबीर, लिंबाची फोड, सगळं जागच्या जागी. आणि रोज ती तशीच परत यायची. मी मनात म्हणायची, तेल-मीठ कमी केलं म्हणून राग काढताहेत.

गुरुवार होता. मी सुट्टी घेतली होती. मामाजी जेवत होते आणि त्यांच्या ताटाशेजारी वरण सांडलं. पुसायला सोपं जावं म्हणून मी ताट उचललं, फडकं फिरवलं आणि ताट परत ठेवताना ते उलटं फिरलं. डावी बाजू उजवीकडे आली.

मामाजींचा चेहरा उजळला. "आली!" ते म्हणाले. "आली पाहा चटणी! अन् कोशिंबीर बी! आतापर्यंत काहून नाही वाढली?"

फडकं माझ्या हातात तसंच राहिलं. मी ताट पुन्हा फिरवलं. त्यांचा हात हवेत थांबला, चटणी शोधत उजवीकडे गेला आणि रिकामा परत आला. पुन्हा फिरवलं. चटणी सापडली. मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले आणि मला एकाएकी सगळा महिना दिसायला लागला. दाढीचा गाल, डाव्या बाहीत कधीच न घातलेला हात, दारातून जाताना डाव्या खांद्याला लागणारी चौकट, आणि तो निंब. फोटोच्या डाव्या कडेला उभा असलेला, ढळढळीत, डेरेदार निंब.

त्यांच्या व्यायामासाठी अश्विनी नावाची एक तरुण थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायची. दुसऱ्या दिवशी तिला मी हे सांगितलं. तिने पिशवीतून कागद काढला आणि मामाजींच्या उजव्या हातात पेन्सिल दिली. "आजोबा, मला एक फूल काढून दाखवा. तुम्ही तर बागेतले."

मामाजींनी फूल काढलं. मधला गोल, खाली देठ, देठाला पान. मग पाकळ्या. वरून सुरुवात करून उजवीकडून खाली, एकेक पाकळी, अगदी मन लावून, शिरासुद्धा. खाली देठापर्यंत आले आणि पेन्सिल ठेवली. "झालं."

डावी बाजू कोरी होती. पानही एकच, उजवीकडे. चाळीस वर्षं फुलांत वावरलेल्या माणसाने अर्धं फूल काढलं होतं आणि त्यात काही कमी आहे असं त्याला वाटत नव्हतं. मी स्वयंपाकघरात निघून गेले. ओट्याला धरून उभी राहिले.

अश्विनी मागून आली. "ताई, त्यांचे डोळे चांगले आहेत," ती म्हणाली. "डोक्यावरही तुम्ही समजता तसा परिणाम नाही. जगाला डावी बाजू आहे, हेच त्यांच्या मेंदूच्या लक्षात येत नाहीये. ते खोटं बोलत नाहीत आणि हट्टही करत नाहीत. त्यांच्यासाठी ते झाड खरंच नाहीये."

"परत येईल?"

"बऱ्याच जणांचं पुष्कळसं येतं. शिकवावं लागतं. डाव्या कडेला एक ठळक लाल रेघ द्यायची आणि प्रत्येक वेळी आधी ती शोधायला लावायची. रेघ सापडेपर्यंत मान वळवायची. वर्तमानपत्रावर करा, ताटावर करा." मग तिने विचारलं, "टीव्हीवर करता येईल का हो, त्या तुमच्या फोटोंवर?"

मामाजी तयार होईनात. "मले काय बालवाडीत घालता का?" म्हणाले. त्यांना समजावणं मला जमलं नाही, म्हणून मी दुसरंच केलं. रविवारी बागेतून गुलाबाच्या रोगट पानांचे फोटो घेऊन आले आणि म्हटलं, "मामाजी, तिथल्या माळीणबाई विचारत होत्या, हे काय लागलंय म्हणून. मी म्हटलं, घरी विचारून सांगते." हे पूर्ण खरं नव्हतं. त्या बाईंनी फक्त "काय झालं कोणास ठाऊक" एवढंच म्हटलं होतं. मामाजी उठून बसले.

या वेळी आकार निवडताना मी बराच वेळ बसले. काठोकाठ भरलेला टीव्ही मला आता नको होता. नऊस सोळा घेतलं, उभी अरुंद पट्टी, आणि ती पडद्याच्या उजव्या बाजूला सरकवली. फोटोच्या डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत जाड लाल रेघ. बासरी काढून टाकली. दिसायला ते फार ओबडधोबड होतं. पण मामाजींनी पाहिलं, लाल रेघ शोधली, मग तिथून पानावर आले आणि म्हणाले, "काळा ठिपका हाये हा. खालचे पानं तोडून जाळून टाका म्हणा, अन् पाणी सकाळीच द्या." मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या रविवारी माळीणबाईंना खरोखर सांगितलं.

असा तो मोसम गेला. दोन आठवडे उभी पट्टी. मग एकास एक, चौरस. लाल रेघ वीतभर डावीकडे सरकली आणि मामाजी परत चुकायला लागले. "रेघ नाही हाये," म्हणायचे. मी म्हणायची, "आहे. अजून वळा." ते चिडायचे. मान वळायची, थांबायची, अजून थोडी वळायची. "हां, सापडली." हे 'सापडली' ऐकायला मी ऑफिसातून घाईने घरी यायची. फोटो काढायचीही माझी रीत बदलली. पूर्वी मी सुंदर ते मधोमध घ्यायची. आता शोधण्यासारखं जे काही असेल ते डावीकडे ठेवायची. एखादी खार, पहिली उमललेली कळी, पाइपाच्या गळतीखाली अंघोळ करणाऱ्या साळुंक्या. डावीकडे जाण्यात त्यांना काहीतरी मिळालं पाहिजे, एवढंच डोक्यात असायचं.

संक्रांत झाली आणि आम्ही चारास तीनवर आलो. त्या रविवारी मी मुद्दाम फाटकाजवळचा फोटो लावला. मला भीती वाटत होती. सुनीलला साप्ताहिक सुट्टी होती, तोही येऊन बसला. मामाजींनी कारंजं पाहिलं, पायवाट पाहिली, मग लाल रेघ शोधायला मान वळवली. वळता वळता मध्येच थांबले.

"हा तर आपला निंब," ते म्हणाले.

"हो, मामाजी."

"तोडला नव्हता?"

"नाही."

"म्हंजे तू त्या दिवशी खरं सांगून राहिली होती." त्यांनी चांगल्या हाताने माझा हात धरला. "अन् मी तुले काय काय बोललो वं."

मीही त्यांना बोलले होते, आणि मला तर दोन्ही बाजू दिसत होत्या. सुनील उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ वाळत घातलेले कपडे उगाच नीट करत राहिला.

आता मामाजी बरे आहेत. बरे म्हणजे, डावा हात अजून जड आहे, थकले की ताटातली चटणी अजून विसरतात. मग मी "मामाजी, डावीकडे" म्हणते, ते "हो वं" म्हणतात, आणि जेवण पुढे चालतं. मी मात्र कुणी "समोर असून दिसत नाही का" असं म्हटलं की बोलणाऱ्याकडे आधी पाहत नाही, ज्याला म्हटलं त्याच्याकडे पाहते. ऑफिसात खिडकीशी एखादे म्हातारे गृहस्थ फॉर्मचा अर्धा भाग कोरा ठेवून देतात, तेव्हा मी पूर्वीसारखी फॉर्म परत सरकवत नाही. बोट ठेवून थांबते. घाई असली तरी.

पण तो मोसम टीव्हीसमोर संपला नाही. फाल्गुन लागला होता, गावाबाहेरच्या रस्त्यांवर पळस पेटले होते आणि दहा वाजताच ऊन टोचायला लागलं होतं. अजून आठवडा गेला असता तर बागेत बघण्यासारखं काही उरलं नसतं. सुनीलने गाडी काढली आणि आम्ही मामाजींना त्यांच्या बागेत घेऊन गेलो. काठी उजव्या हातात. मी डाव्या बाजूने चालत होते, कुठे धडकले तर सावरायला. इथे लाल रेघ नव्हती, पडदा नव्हता, आकारही नव्हता. बाग जेवढी असते तेवढी सगळीकडे पसरली होती. मामाजी समोर बघत चालत होते, आणि मला वाटायला लागलं, आपण घाई केली.

कारंज्याच्या पुढे ते थांबले. मान हळूहळू वळली. माझ्यावरून पुढे गेली, अजून डावीकडे, खांद्यापर्यंत. तिथे कोपऱ्यात गुलाबांचा एक वाफा होता. त्यांनी कपाळाला आठी घातली.

"ओ बाई," त्यांनी पलीकडे तण काढणाऱ्या माळीणबाईंना हाक मारली, "त्या वाफ्याले पाणी कधी देलं?"

बाई उठून उभ्या राहिल्या. "पाइप पोचत नाही जी बाबाजी तिथपर्यंत."

"पाइप नाही पोचत तर बादली हाये ना? झाडं सुकून राहिले." मग माझ्याकडे वळून, तशाच चढ्या आवाजात, "अन् तू उभी काय राहिली वं? आण ना बादली!"

सुनील आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मी नळाशी गेले, बादली काठोकाठ भरली आणि दोन्ही हातांनी उचलून निघाले. पाणी हिंदकळून साडीच्या निऱ्या भिजल्या, चपला चिखलात रुतल्या. मामाजी काठी रोखून सांगत होते, "तिकडे, अजून तिकडे, त्या टोकाच्या झाडाले पहिले." मी त्या टोकाला चालले होते. हात दोन्ही बादलीत गुंतले होते, म्हणून डोळे पुसता आले नाहीत.